ठोका पडला तेव्हा

आमच्या घरात हळू बोलायची सोय नव्हती. कसब्यातल्या आमच्या आळीत सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत तांब्यावर हातोड्या पडत, आणि त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय सगळ्यांच्याच गळ्याला लागलेली होती. दुपारी जेवायला म्हणून हातोड्या थांबल्या तरी गळे थांबत नसत. 'मीठ दे' हेसुद्धा आम्ही भांडण काढल्यासारखं म्हणायचो. कॉलेजातली एक मैत्रीण पहिल्यांदा घरी आली ती दारातच थबकली. म्हणाली, "मी नंतर येते गं, तुमच्याकडे काहीतरी चाललंय." चाललं काहीच नव्हतं. आई अण्णांना विचारत होती, आमटीत गूळ घालू का. पन्नाशीच्या पुढचा जवळजवळ प्रत्येक तांबट कमी ऐकायचा, पण सगळेच ओरडून बोलत असल्यामुळे कोण किती ऐकतो हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. बहिरेपण हा आमच्याकडे आजार नव्हता, धंद्याचाच एक भाग होता. आता कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी असते आणि वरच्या मजल्यावर कुणी स्टूल सरकवलं तरी मला ऐकू येतं. इतकी शांतता मला अजून अंगवळणी पडलेली नाही.

माझे वडील, म्हणजे अण्णा, बंब आणि घंगाळी घडवायचे. मठारकामात, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके उमटवण्यात, त्यांचा हात असा बसलेला होता की त्यांचा एक ठोका दुसऱ्यापेक्षा कमी-जास्त पडत नसे. पण रविवारी हा माणूस काळी अर्धी चड्डी, काळा शर्ट आणि गुडघ्यापर्यंत मोजे घालून, हातात छोटा झेंडा घेऊन लुनावरून कॅम्पाकडे निघायचा, आणि आळीतली म्हातारी माणसं ओट्यावरून विचारायची, "काय हो, आज कुठल्या गाडीला झेंडा दाखवणार?" पेठेतल्या माणसाने कबड्डी खेळावी, खो-खो खेळावा, फार तर तालमीत जावं. फुटबॉल हे कॅम्पातल्या आणि खडकीतल्या लोकांचं काम. अण्णा तरुणपणी खडकीच्या एका बराकीत स्वयंपाकघराची भांडी दुरुस्त करायला जात, तिथे त्यांना हा नाद लागला. चार-पाच वर्षं बचावात खेळले, गुडघा गेला, मग परीक्षा देऊन लाइन्समन झाले. एका ठिकाणी बसून दिवसभर ठोके घालणाऱ्याला रविवारी दीड तास पळायला मिळतंय, यात सुख असेल, असं मला वाटायचं. सुख त्यात नव्हतंच. सुख होतं ते लोक त्यांचं ऐकत, यात. झेंडा वर गेला की बावीस माणसं थांबायची.

ऑफसाइड मला अण्णांनी शिकवला तो आईच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर. आमच्या दोन खोल्यांच्या मागे कारखान्याची पडवी होती, तिथे ही दोरी होती. दोरीच्या टोकाचा खिळा म्हणजे गोल. खिळ्याजवळ एक निळा चिमटा लावायचा, तो गोलकीपर. त्याच्या अलीकडे वीतभर अंतरावर दुसरा निळा चिमटा, तो बचावातला शेवटचा गडी. आणि एक लाल चिमटा, तो आपला. नियम इतकाच, की आपल्या माणसाने आपल्याकडे बॉल मारला त्या क्षणी लाल आणि खिळा यांच्या मध्ये निदान दोन निळे हवेत. लाल पुढे असेल आणि मध्ये एकटा गोलकीपरच उरला असेल, तर ऑफसाइड. मी लाल चिमटा हळूहळू खिळ्याकडे सरकवत न्यायची. अण्णा माझ्यामागे एक तपेली पालथी घालून बसायचे आणि मनात येईल तेव्हा तिच्यावर एक ठोका मारायचे. तो ठोका म्हणजे बॉलला लागलेली लाथ. चिमटा मात्र थांबवायचा नाही, सरकवतच राहायचा. मग अण्णा विचारायचे, "आहे का ऑफसाइड?" मी निळ्याच्या पुढे गेलेल्या लालकडे बघून म्हणायची, "आहे." अण्णा म्हणायचे, "आत्ता कुठे आहे ते आंधळापण चाचपून सांगेल. ठोका पडला तेव्हा कुठे होता?" आई पडवीत यायची, ओली साडी खांद्यावर, आणि म्हणायची, "अहो, तुमचा खेळाडू द्या जरा इकडे, माझा परकर जमिनीवर लोळतोय."

साधारण महिन्याभरात मला ते जमलं. बॉल कोण मारतंय ते बघायचंच नाही, ही त्यातली खोच होती. डोळे शेवटच्या निळ्यावर आणि कान मागे. दोन्हीकडे बघायला गेलं की घोटाळा, कारण मान वळेपर्यंत चपळ गडी दोन पावलं पुढे गेलेला असतो आणि निर्दोष माणूस चोर दिसतो. "ऑफसाइड बघायचा नसतो, ऐकायचा असतो," असं अण्णा म्हणायचे. पुढे मी त्यांच्याबरोबर मैदानावर जायला लागले. ते रेषेवरून पळायचे आणि मी मैदानाभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेरून त्यांच्या बरोबरीने. लाथेचा 'थप्' कानावर आला की मी पुटपुटायची, 'आहे' किंवा 'नाही', आणि त्याच क्षणी अण्णांचा झेंडा वर जायचा किंवा खाली राहायचा. आमचं उत्तर चुकूनही वेगळं येत नसे. त्या वयात मला त्याचा जो माज होता तो पुढे कुठल्याही पगाराने आला नाही.

कॉलेज संपता संपता मी कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागले. तेव्हा प्रत्येक रस्त्यावर असा एक क्लास निघाला होता, बूट बाहेर काढून, पंख्याऐवजी एसी असलेल्या खोलीत आम्ही दोघी-दोघी एका मशीनवर बसायचो. आळीत त्याच सुमारास बंबांचं काम आटलं. लोकांनी भिंतीवर गीझर लावले, लग्नात स्टीलची भांडी तर आधीपासूनच देत होते. घरोघर केबल आली. अण्णांकडे काम कमी झालं तसा रविवार मोठा झाला. आठवडाभर ते झेंड्याची काठी पुसत, बुटांना पॉलिश करत, नियमांचं पुस्तक पुन्हापुन्हा वाचत. आणि त्याच वर्षी केव्हातरी मैदानावर माझ्या लक्षात आलं, की माझं 'आहे' आधी येतंय आणि त्यांचा झेंडा नंतर. आधी वाटलं, वय झालं, हात जड झाला. मग नीट पाहिलं. अण्णांची मान हलत होती. बॉल, मग रेषा, पुन्हा बॉल. मला जे करू नको म्हणून त्यांनी शिकवलं होतं तेच ते करत होते. एका दुपारी ते पडवीत पाठमोरे बसून चहा पीत होते, तेव्हा मी पाच-सहा हातांवरून एका कळशीवर बेताचा ठोका मारला. ते हलले नाहीत. मी पुन्हा मारला. त्यांनी बशीत उरलेला चहा ओतला आणि प्यायला लागले.

आईला ते माझ्या आधी माहीत होतं. "हाका मारून माझा घसा बसतो आणि हे म्हणतात तू हल्ली हळू बोलतेस," ती म्हणाली. "तू सांग त्यांना. तुझं ऐकतात." मी सांगणारच होते. पण त्याच आठवड्यात स्पर्धेच्या समितीचं पत्र आलं. कॅम्पातल्या त्या जुन्या स्पर्धेत अण्णांनी वीस-बावीस वर्षं लाइन सांभाळली होती, पण अंतिम सामना त्यांना कधी मिळाला नव्हता. तो कायम कुठल्यातरी साहेबाच्या माणसाला जायचा. या वेळी पत्रात त्यांचं नाव होतं. अण्णांनी ते पत्र देवाजवळ ठेवलं, मग तिथून काढून खिशात ठेवलं, मग आळीत दाखवून आले. आईने साटोऱ्या केल्या. तूप सोडलेली साटोरी हातात घेऊन अण्णा मला म्हणाले, "फायनल म्हणजे काय, तोच खेळ. पण लोक बघतात." त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ उचलली नाही. एक सामना तर आहे, असं मी आईला सांगितलं. आई उठून साटोऱ्यांचा डबा भरायला लागली.

सामना खडकीच्या एका वसाहतीचा संघ आणि एका कंपनीचा संघ यांच्यात होता. खडकीची माणसं टेम्पोत ढोल-ताशे घालून आली होती. पहिली लाथ बसल्यापासून जे वाजायला लागलं ते थांबलंच नाही. मी नेहमीसारखी दोरीच्या बाहेर होते. शेवटची दहा मिनिटं, दोन्हीकडे एकेक गोल. खडकीच्या मधल्या गड्याने लांब बॉल मारला. माझे डोळे कंपनीच्या शेवटच्या बचाववाल्यावर होते, आणि ढोलांच्या गदारोळातसुद्धा तो 'थप्' मला ऐकू आला, कारण ज्याने मारला तो माझ्यापासून फार लांब नव्हता. त्या क्षणी खडकीचा दहा नंबर बचाववाल्याच्या हातभर मागे होता. मी पुटपुटले, 'नाही'. मग त्या पोराने जी धाव घेतली ती बघण्यासारखी होती. बॉल हवेत असतानाच तो बचाववाल्याला मागे टाकून पुढे गेला, उतरता बॉल छातीवर घेतला आणि गोलात घातला. ढोल एकदम चढले. आणि अण्णांचा झेंडा वर होता. रेफरीने शिट्टी मारली, गोल रद्द. त्यानंतर पेनल्टीवर खडकी हरली. लोक अण्णांच्या अंगावर धावून आले, दोघा हवालदारांनी त्यांना मधे घेतलं. खडकीच्या संघाने तिथेच निषेध नोंदवला. समितीचे सेक्रेटरी परांजपे म्हणाले, "बुधवारी बैठक घेऊ. लाइन्समनने आपलं म्हणणं लेखी द्यावं. चूक असल्यास सामना पुन्हा खेळवू, त्यात आभाळ कोसळत नाही."

घरी येताना नव्या पुलाच्या अलीकडे अण्णांनी लुना थांबवली. उसाच्या रसाच्या दुकानात आम्ही बाकावर बसलो. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. अण्णांनी दोन ग्लास सांगितले आणि बराच वेळ आपला ग्लास नुसता धरून बसले. मग म्हणाले, "मला ठोका ऐकू आला नाही, मनू. ढोल होते. मी बॉल वर बघितला आणि मग खाली बघितलं तर तो पुढे होता. तू तिथेच होतीस. ठोका पडला तेव्हा कुठे होता तो?" मग तेच पुढे म्हणाले, "जे असेल ते सांग. तू 'नाही' म्हणालीस तर मी 'नाही' असंच लिहीन. चुकलो तर चुकलो, त्यात काय! बावीस वर्षांत एक चूक माफ करतील." हे सगळं त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं, की खरं सांगणंही साधंच होतं. पण मी विचार केला तो वेगळा. चूक कबूल केली की पुढचा प्रश्न येणार, चूक झाली कशी. मग कानांचा विषय निघणार. मग रविवार जाणार. मग उरणार रिकामी पडवी आणि पुसायला झेंड्याची काठी. मी म्हणाले, "पुढे होता." त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढे केला. खोटं माणूस हळू आवाजात बोलतो म्हणतात. आमच्या घरात तेही ओरडून बोलावं लागायचं. "पुढे होता, अण्णा! चांगला दोन पावलं पुढे होता!" रसवाला आणि बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. अण्णांनी मान हलवली आणि एका दमात रस संपवला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मग काय चिंता!"

बुधवारी त्यांनी समितीला लिहून दिलं, 'खेळाडू निःसंशय ऑफसाइड होता.' अक्षर माझं होतं, कारण माझं अक्षर चांगलं. 'निःसंशय' शब्द त्यांचा. निषेध फेटाळला गेला. मला वाटलं, सुटलो. मी पुढे पंचवीस वर्षं खराडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि न लाजता, न भिता त्या कळवायच्या. नवीन आलेल्या पोरींना मी सांगायची, "चूक लपवलीत ना, तर ती जाऊन गिऱ्हाइकाच्या घरी उगवते." त्या वहीत लिहून घेत. मला हे कुठे कळलं ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आमच्या भागातल्या केबलवाल्याने नवीनच व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. एरवी तो लग्नं आणि गणपती टिपायचा. पण आळीतल्या माणसाला फायनल मिळाली म्हणून हौसेने तोही मैदानावर येऊन गेला होता, आणि हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. निषेध फेटाळला त्याच आठवड्यात, शनिवारी संध्याकाळी त्याने आळीत सांगितलं, की अण्णांचा सामना आज आपल्या चॅनेलवर. आमच्याकडे टीव्ही छोटा, म्हणून सगळे शेजारच्या वसंतकाकांकडे जमले. अण्णांना मधली खुर्ची दिली. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पडद्यावर ते दिसले की पोरं टाळ्या वाजवायची. केबलवाल्याने त्या गोलापाशी आपल्या यंत्राची सगळी करामत दाखवली होती. तो क्षण त्याने संथ केला, मग थांबवला, मग पुन्हा मागे नेऊन तीनदा दाखवला. पाय बॉलला लागलेला, आणि दहा नंबर बचाववाल्याच्या मागे. चित्र थरथरत होतं, पण इतकं स्पष्ट होतं की खेळ न कळणाऱ्या काकूंनाही कळलं. वसंतकाका म्हणाले, "अण्णा, हा तर मागे आहे की हो!" अण्णांनी टीव्हीवरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. कुणी अनोळखी माणूस घरात शिरला तर आपण बघतो तसं पाहिलं. मग खुर्ची नीट भिंतीला लावून ते बाहेर गेले.

सोमवारी ते झेंडा परत करायला गेले. मीही मागोमाग गेले. त्यांनी येऊ नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. परांजपे यांनी ती कॅसेट पाहिलेली होती. ते ओरडले नाहीत, पुण्याचा माणूस तेवढी मेहनत घेत नाही. म्हणाले, "मिस्त्री, चुका सगळ्यांच्या होतात. त्यासाठीच लेखी मागितलं होतं. 'निःसंशय' हा शब्द मात्र माणसाने जरा जपून वापरावा. आता लोक विचारतायत, की कंपनीने तुम्हाला काय दिलं. मी त्यांना काय सांगू?" अण्णांनी ते सगळं त्यांच्या ओठांकडे बघत ऐकलं. त्यांना एवढंच म्हणता आलं असतं, की ढोलांमुळे मला ऐकू आलं नाही, मी मुलीला विचारलं, ती चुकली. त्यांनी ते म्हटलं नाही. मी शेजारीच उभी होते. साहेब, मी खोटं सांगितलं, एवढे चार शब्द होते माझ्याकडे. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत उभी राहिले. याची मला आजही इतकी लाज वाटते, की हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. ज्या पोराचा गोल गेला त्याची तर मी चौकशीसुद्धा केली नाही.

घरी आल्यावर अण्णा एकदाच बोलले. पडवीतून बोलले, त्यामुळे सबंध आळीने ऐकलं. "मला वाचवायला कुणी सांगितलं होतं तुला? चुकलो असं लिहिलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिलो असतो!" आई मधे पडायला गेली तर तिला म्हणाले, "तू थांब. बहिरा आहे हे मला कळत होतं. खोटारडा नव्हतो." त्यानंतर हा विषय निघाला नाही. माझं लग्न त्यांनीच ठरवलं, माझ्या पहिल्या पगाराचे पेढे आळीत त्यांनीच वाटले, जावयाच्या कौतुकात कुठे कमी पडले नाहीत. माझ्यावरची माया आटली असं मी म्हणू शकत नाही. पुढे मी त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी आठ दिवस वापरलं आणि किरकिरतं म्हणून डबीत ठेवलं. टीव्हीवर परदेशातले सामने लागायचे, ते आम्ही दोघं बघायचो. झेंडा वर गेला की मी सवयीने म्हणायची, "नाही, अण्णा, नव्हता." ते हुंकार देत आणि पडद्यावर पुन्हा दाखवीपर्यंत थांबत. माझं बरोबर निघालं तरी माझ्याकडे बघत नसत.

शेवटच्या आजारात अण्णांना मुळीच ऐकू येत नव्हतं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी पाटी-पेन्सिल ठेवलेली असायची. एका सकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले, तरुण होते, खाली मान घालून मला सांगत होते, की आता फार दिवस नाहीत. अण्णा आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होते. डॉक्टरांचं बोलून झाल्यावर मी पाटी घेतली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रिपोर्ट चांगला आहे. आठवड्यात घरी.' त्यांनी ते वाचलं. पाटी माझ्या हातातून काढून घेतली, तळहाताने सावकाश पुसली आणि माझ्यापलीकडे हात लांबवून डॉक्टरांपुढे धरली. "तुम्ही लिहा," ते म्हणाले, आमच्या घरातल्या त्या जुन्या, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. "मुलगी गुणाची आहे हो माझी. पण ती मला बरं वाटेल तेच सांगते."